कार्टून बघताय व्हय?

अ‍ॅनिमेशन म्हणजे पोराटोरांचं, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की मोठ्या माणसानं ते दार लावूनच बघावं! गेल्या पावसाळ्यात वीकएण्डला पाटणला आत्याकडे गेले होते. बाहेर धो धो पाऊस, फिरणं कॅन्सल. आतेभावानं लॅपटॉपवर ‘परफेक्ट ब्लू’ लावला. "कार्टून बघताय व्हय?" म्हणत आत्या चहा ठेवून गेली. पुढची ऐंशी मिनिटं त्या चहाला कुणी हात लावला नाही.

सातोशी कोन या जपानी दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट, १९९७ सालचा. नायिका मीमा तिघींच्या पॉप ग्रुपमध्ये गाते आणि ते सोडून अभिनयात शिरते. आपल्या भाषेत, करिअर स्विच. चाहत्यांना ते पचत नाही. मग तिला इंटरनेटवर स्वतःच्या नावाची डायरी सापडते. ट्रेनमधून उतरताना कुठला पाय आधी टाकला, दुकानातून काय घेतलं, सगळं बिनचूक! आधी ती हसते. पण ही डायरी तिनं लिहिलेलीच नाही. आपण तर लोकेशनपासून लंचपर्यंत सगळं आपल्या हातानंच टाकतो. भूत हवंय कशाला?

मला जास्त लागलं ते वेगळंच. मालिकेत तिला बलात्काराचा प्रसंग करायला सांगतात. मॅनेजर विरोध करते, पण मीमा हसून ‘चालेल’ म्हणते. आणि घरी आल्यावर टाकीतले मासे मेलेले दिसतात, तेव्हा कोसळते. ऑफिसात असं ‘चालेल’ न म्हटलेला माणूस मला अजून भेटायचाय.

त्यानंतर सिनेमा आपल्यालाही सोडत नाही. चालू प्रसंग अचानक शूटिंग निघतो, मीमा दचकून जागी होते, पुन्हा तशीच जागी होते. खऱ्या नटांच्या सिनेमात भास आला की इफेक्ट ओळखू येतो. इथे खरी मीमा आणि भासातली मीमा एकाच रेषेत काढलेल्या. ओळखणार कशावरून?

गंमत म्हणजे हा सिनेमा आधी खऱ्या नटांना घेऊनच करायचा होता. १९९५च्या कोबे भूकंपात स्टुडिओचं नुकसान झालं, बजेट आटलं आणि अ‍ॅनिमेशनवर आले, असं सांगतात. पाटणमध्ये भूकंप म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ची पहाट निघतेच. कोयनेच्या पट्ट्यात लहान धक्के आजही बसतात. आत्या सांगते, हादरल्यासारखं वाटलं की पहिल्यांदा टांगलेल्या दिव्याकडं बघायचं. तो हलतोय, का आपल्यालाच वाटतंय? मीमाच्या खोलीत असा दिवा नाही.

शेवट सांगत नाही. लहान मुलांसोबत मात्र चुकूनही बघू नका, आणि जमलं तर जपानीतच, सबटायटल्स लावून बघा. कोन २०१० मध्ये गेले, अवघ्या ४६व्या वर्षी, चार चित्रपट करून. आतेभावाकडे त्यांचा ‘पॅप्रिका’ही आहे. तो दिवसाउजेडी बघायचं ठरलंय.