पडद्यावरचा गुन्हा आणि रुळांवरचा धोका

अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या शाळेतील मुलांना ‘घराबाहेरचा सर्वांत मोठा धोका कोणता?’ असे विचारून पाहावे. चोर, खुनी, मुले पळवणारी टोळी अशी उत्तरे येतील, असा आमचा अंदाज आहे. ‘रेल्वेचे रूळ ओलांडणे’ हे उत्तर क्वचितच येईल. असे का व्हावे?

खऱ्या गुन्ह्यांचे नाट्यरूपांतर दाखवून लोकांना सावध करणारे कार्यक्रम जुनेच आहेत. १९६७ साली पश्चिम जर्मनीत असा एक कार्यक्रम सुरू झाला. बीबीसीचा ‘क्राइमवॉच’ १९८४ ते २०१७ पर्यंत चालला. न उलगडलेल्या गुन्ह्यांविषयी प्रेक्षकांकडून माहिती मिळवणे हा त्यांचा हेतू. आपल्याकडे १९९८ मध्ये ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’ने फरारी आरोपींची माहिती घरोघरी पोहोचवली. २००३ मध्ये आलेल्या ‘क्राइम पेट्रोल’ने घडलेल्या गुन्ह्यांच्या कथा सांगून शेवटी सावधगिरीचा सल्ला देण्याची पद्धत रूढ केली.

सल्ला उपयोगी असतो. पण मनात सल्ल्यापेक्षा दृश्य अधिक टिकते. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज आपण ती किती सहज आठवते यावरून बांधतो. नाट्यरूपांतराला चेहरा असतो, किंकाळी असते, पार्श्वसंगीत असते. आकड्याला यातले काहीच नसते.

आता आकडे पाहू. मुंबईत अलीकडे वर्षाला २०० पेक्षा कमी खून नोंदले गेले आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर मात्र २०२३ या एका वर्षात २,५०० हून अधिक माणसे दगावली. हे मार्ग शहराबाहेरही दूरवर जातात, हे जमेस धरले तरी फरक मोठाच उरतो. रूळ ओलांडणे हे या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे.

दुसरी गफलत अधिक नाजूक आहे. ‘गुन्हेगार म्हणजे अनोळखी माणूस’ असे चित्र मुलांच्या मनात सहज तयार होते. प्रत्यक्षात बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. केवळ अनोळखी माणसाची भीती घातली, तर ओळखीच्या माणसाविषयी तक्रार करायला मुलाकडे शब्दच उरत नाहीत.

वर्गात फळ्यावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात मुलांना भीती वाटते ते धोके. दुसऱ्यात घर ते शाळा या वाटेवर रोज भेटणारे: रूळ, लोकलचा दरवाजा, वाहता रस्ता, पावसात उघडे पडलेले गटार. पडताळ्यासाठी वर्तमानपत्रातील बातम्या मोजू नयेत. बातमीही विलक्षण घटनेचीच होते. अधिकृत नोंदींचे आकडे घ्यावेत. मग प्रत्येक धोक्यापुढे एक कृती लिहावी: पुलावरूनच जायचे, कोणाचाही स्पर्श नकोसा वाटला, तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे किंवा १०९८ वर फोन करायचा.

मुलांनी कार्यक्रम पाहू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. पाहिल्यावर ‘असे किती वेळा घडते?’ हा प्रश्न त्यांनी विचारावा, एवढी सवय शिक्षकाने लावावी.