खर्च म्हणजे उत्पन्न नव्हे

सुरत हे मोजमापाचे शहर आहे. तेथे हिरा कॅरटने आणि कापड मीटरने मोजले जाते, आणि मापात खोट निघाली तर व्यापारी ती खपवून घेत नाही. परंतु त्याच शहरातील महापालिकेच्या शाळांतून मुले काय शिकली आणि सरकारी रुग्णालयातून किती रोगी बरे होऊन घरी गेले, याचे प्रतिबिंब गुजरातच्या राज्य उत्पन्नाच्या हिशेबात पडत नाही. हा दोष एकट्या गुजरातचा नव्हे. महाराष्ट्र असो वा आमचा गोमंतक, पद्धत सर्वत्र एकच आहे.

कापडाला बाजारभाव असतो, खासगी डॉक्टरच्या उपचारालाही शुल्क असते. सरकारी शाळेतील धड्याला मात्र किंमत नसते. म्हणून तो धडा देण्यासाठी जो खर्च झाला तेच त्याचे मूल्य, असे गृहीत धरले जाते. शिक्षकांचे व डॉक्टरांचे वेतन आणि इमारती-यंत्रांची झीज यांची बेरीज केली की सरकारी शिक्षण व आरोग्य यांची मूल्यवृद्धी तयार! १९४९ साली महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव तिचे सदस्य होते. आकडेवारीची साधने तुटपुंजी असलेल्या त्या काळी ही वाट पत्करणे अपरिहार्य होते. आज तसे म्हणता येईल काय?

या पद्धतीचे विपरीत परिणाम पाहावेत. वेतन आयोग लागू झाला की एकही मूल अधिक न शिकता चालू किमतींनुसार शिक्षणाचे ‘उत्पन्न’ वाढते. वर्गाकडे न फिरकणारा शिक्षक आणि तळमळीने शिकविणारा शिक्षक हिशेबात समान ठरतात. उलट गुजरातेतील विद्यासहायक किंवा महाराष्ट्रातील शिक्षणसेवक ठराविक अल्प मानधनावर तोच धडा शिकवितो, तेव्हा त्या धड्याचे मूल्य मात्र कमी भरते. सुरतेत यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी कामगाराचे मूल महापालिकेच्या मराठी शाळेत वाचू लागले की नाही, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर या हिशेबात नाही.

आरोग्याच्या बाबतीत तर ही उणीव अधिकच बोचते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि काही दिवसांत लक्षावधी लोक शहर सोडून गेले. माग थंडावले, हिऱ्यांचे कारखाने ओस पडले. त्या वर्षी औषधोपचारावर झालेला जादा खर्च राज्य उत्पन्नात जमेच्या बाजूस आला. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून रस्त्यावर आणले, झाडलोट नियमित केली, आणि १९९६ मध्ये सुरतेची गणना चंडीगडच्या खालोखाल स्वच्छ शहरांत झाली. या कार्याचे मूल्य हिशेबात किती? सफाई कामगारांचा पगार, एवढेच. जी साथ आली नाही, जे कारखाने बंद पडले नाहीत, त्यांची नोंद कोण करणार?

यावर उपाय नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या लेखापद्धतीने अशा सेवांचे उत्पादन प्रत्यक्ष मोजावे असे सुचविले आहे. ब्रिटनमध्ये अर्थशास्त्रज्ञ टोनी ॲटकिन्सन यांनी २००५ च्या अहवालात त्यापुढे जाऊन सेवेच्या गुणवत्तेचाही विचार व्हावा, असे प्रतिपादिले. अर्थात येथेही धोके आहेतच. केवळ रुग्ण मोजले तर रोग टाळणारे शहर आळशी ठरेल, आणि केवळ उत्तीर्ण मुले मोजली तर गुणांची खैरात सुरू होईल. म्हणून हजेरीबरोबर वाचनक्षमता आणि उपचारांबरोबर बरे झालेल्यांचे प्रमाण पाहणे अगत्याचे आहे.

जुनी पद्धत एका दिवसात मोडीत काढावी, असे आमचे म्हणणे नाही. राज्याराज्यांची तुलना तिच्यावर उभी आहे. परंतु प्रत्येक राज्याच्या अर्थ व सांख्यिकी खात्याने वार्षिक अहवालात शिक्षण व आरोग्य यांचे पूरक लेखे देण्यास आरंभ करावा. शाळांचे हजेरीपट आणि रुग्णालयांच्या नोंदवह्या सरकारजवळच आहेत. त्या खर्चाशेजारी मांडण्याची तेवढी इच्छा हवी.

हा वाद केवळ आकडेतज्ज्ञांचा नव्हे. जोवर शाळा व रुग्णालय यांची ओळख केवळ खर्चाने होते, तोवर काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावरच पडणार, आणि त्या घावाने काय गमावले हे कोणत्याही वहीत दिसणार नाही. प्लेगच्या त्या दिवसांत ओस पडलेल्या सुरतेने गलिच्छपणाची किंमत रोख मोजली. स्वच्छतेची आणि विद्येची किंमत मोजायला आमच्या राज्यकर्त्यांनी दुसऱ्या साथीची वाट पाहू नये.