हिरव्या वाडग्याचे तांबडे बूड

चीनमधील जुना सेलाडॉन वाडगा संग्रहालयात पाहताना लक्ष जाते ते त्याच्या रंगाकडे. निळसर हिरवा, किंचित दुधाळ, चिनी लोकांना प्रिय असलेल्या जेड दगडासारखा. आम्ही मात्र सुचवू, की जमल्यास त्याचे बूड आधी पाहावे. झेजियांग प्रांतातील लोंगच्वान येथे दक्षिण सुंग काळात (११२७ ते १२७९) घडवलेल्या अनेक वाडग्यांच्या बुडाशी, जेथे झिलई चढवलेली नाही तेथे, विटकरी तांबडे कडे असते. वरचा हिरवा आणि खालचा तांबडा, दोन्ही रंग लोखंडाचेच!

झिलई म्हणजे एक प्रकारची काच. दगडाची पूड, माती, चुना आणि राख पाण्यात कालवून तो पातळ लेप भांड्यावर चढवतात. सुमारे १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोड्या अधिक तापमानाला तो वितळून काच होते. या काचेत एक-दोन टक्के लोहाचे ऑक्साइड असते. लोह फेरिक रूपात, म्हणजे जास्त ऑक्सिजनशी जोडलेले असले, तर काच पिवळट-तपकिरी होते. फेरस रूपात असले तर निळसर हिरवी. खिडकीच्या काचेची कड विद्यार्थ्यांना दाखवावी. समोरून बिनरंगी दिसणारी काच कडेने हिरवी दिसते, कारण तिच्यात थोडे लोह असते आणि कडेने पाहताना प्रकाश बऱ्याच जास्त काचेतून येतो. लोंगच्वानचे कुंभार एकावर एक लेप देऊन झिलई जाड करीत, त्यामुळे रंग गडद होई. दुधाळपणा येतो तो तिच्यात अडकलेल्या बारीक बुडबुड्यांनी व न विरघळलेल्या कणांनी प्रकाश विखुरल्यामुळे.

आता प्रश्न असा, की फेरिक लोहाचे फेरस कसे करायचे? भट्टीत हवा कमी सोडायची. मग लाकूड अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो लोहाच्या ऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून घेतो. हेच क्षपण. सांगायला एवढे सोपे! प्रत्यक्षात ‘ड्रॅगन’ नावाची ती भट्टी डोंगराच्या उतारावर कित्येक मीटर लांब पसरलेली असे आणि अग्निरोधक मातीच्या डब्यांत बसवलेली हजारो भांडी तिच्यात एका वेळी भाजली जात. तापमापक नव्हता. भोकांतून दिसणाऱ्या ज्वाळेच्या रंगावरून किती हवा, किती लाकूड हे ठरवायचे. हवा जास्त झाली की माल पिवळट, धूर फार झाला की करडा; आणि एकदा चुकले की अनेकांची कित्येक दिवसांची मेहनत वाया.

भाजणे संपून भट्टी थंड होऊ लागली की हवा आत शिरते. तोवर झिलई घट्ट झालेली असते, तिच्यातील लोहापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. बुडाची उघडी माती मात्र सच्छिद्र असते. तिच्या पृष्ठभागावरील लोहाचे पुन्हा ऑक्सिडीकरण होते आणि कडे तांबडे होते, आपल्या कौलासारखे. भट्टीत आधी काय घडले आणि नंतर काय, हे असे एकाच वाडग्यावर उमटलेले असते.

अठराव्या शतकात जिंगदेजेन येथील कारागीर या जुन्या वाडग्यांच्या प्रतिकृती करू लागले, तेव्हा त्यांची अडचण झाली ती येथेच. त्यांची माती पांढरी, लोह अगदी कमी. बूड तांबडे होईना. मग ते बुडाच्या कडेला लोहयुक्त तपकिरी लेप हाताने फासत. त्यामुळे नुसते तांबडे कडे पाहून वाडग्याचे वय सांगता येत नाही. आज क्षकिरणांच्या साहाय्याने, भांडे न फोडता, कड्यातील लोहाचे प्रमाण मोजता येते. रंग वरून फासलेला असेल तर ते शेजारच्या मातीच्या मानाने बरेच जास्त भरते.