अंगणातले पाणी कुठे जाते?

मोरीतले पाणी आणि इमारतीच्या अंगणातल्या गटाराचे पाणी शेवटी एकाच ठिकाणी जाते, अशी मुंबईतल्या आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. तसे नाही. संडास-मोरीचे पाणी मलवाहिनीतून जाते आणि त्यावर थोडीफार का होईना, प्रक्रिया होते. पावसाच्या पाण्याची गटारे वेगळी. ती नाल्यात, मिठीसारख्या नदीत, खाडीत नि समुद्रात उघडतात. मध्ये शुद्धीकरण काही नाही. अंगणात आपण जे सांडतो, ते पहिल्या पावसात खाडीत पोचते.

मे महिन्यात सोसायट्यांत डागडुजीची घाई असते आणि खरी घाण तेव्हाच होते. रंगारी अंगणातल्या नळावर ब्रश धुतो, गवंडी घमेले जाळीपाशी विसळतो. सिमेंटचे पाणी गटारात घट्ट बसते, मग ते फावड्याने निघत नाही, छिन्नी लागते. खाडीतल्या माशांनाही ते मारक. म्हणून ठेका देतानाच सेक्रेटरींनी लिहून घ्यावे : पाण्यात मिसळायच्या रंगाचे ब्रश मोरीत धुवायचे. ऑइल पेंटचे टर्पेंटाइन कुठेच ओतायचे नाही. डब्यात झाकून ठेवले की रंग तळाशी बसतो आणि वरचे पुन्हा वापरता येते. जुना रंग खरवडताना खाली ताडपत्री हवीच, त्यात शिसे असू शकते. राडारोडा गोण्यांत भरून ठेवावा.

गच्ची झाडूनच साफ करावी. पाइप लावून धुणे म्हणजे आपली घाण पुढे ढकलणे, आम्हाला तरी त्यात सफाई दिसत नाही. गाडीखालच्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकून तो उचलावा.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यापुढे कुठलेच गटार टिकले नसते. पण शहरातली जुनी गटारे मुळात ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. भरतीच्या वेळी साध्या पावसातही जाळीवर अडकलेली एक पिशवी पुरते. पाणी आधी तळमजल्यावरच्या घरात शिरते, आणि त्याच्यासोबत लेप्टोची भीती.

बकरी ईद २०२१ मध्ये २१ जुलैला, २०२२ मध्ये १० जुलैला, म्हणजे ऐन पावसात आली होती. आता ती उन्हाळ्याकडे सरकते आहे, गटार मात्र तेच आहे. परवानगी घेऊन जिथे अंगणात कुर्बानी होते, तिथे आधी माती किंवा भुसा पसरावा, जाळीवर गोणपाट घालावे. भिजलेला भुसा आणि उरलेले अवशेष पिशव्यांत बांधून पालिकेच्या गाडीत द्यावेत, फरशी धुतलेले पाणी मोरीत सोडावे. रक्त खाडीत गेले की सडताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. काम संपले की गोणपाट आठवणीने काढावे.

आणि पाऊस येण्याआधी एकदा पावसाच्या गटाराचे झाकण उचलून पाहावे. आत कोरडे असायला हवे. पाणी वाहत असेल, तर कुणाची तरी मोरी चुकून त्याला जोडलेली आहे. प्लंबर त्याच आठवड्यात बोलवावा. जूनमध्ये तो मिळत नाही.