टर्बो बदलताना पैसे कुठे घालावेत?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळच्या रस्त्यांवर धूळ आणि पाचट यांचे राज्य असते. अशाच दिवसांत तिथल्या एका शिक्षकमित्राच्या डिझेल मोटारीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, पिकअप कमी झाला आणि मागून निळसर धूर निघू लागला. गॅरेजमध्ये निदान झाले: टर्बो गेला. सल्लाही मिळाला, 'नवा घालायचाच आहे तर थोडा मोठा घाला, गाडी पळेल.' हा जादा खर्च करावा का, असे मित्राने मला विचारले.

टर्बोचार्जरमध्ये एका दांड्यावर दोन चाके असतात. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू टर्बाइनचे चाक फिरवतात. दुसऱ्या टोकाचे कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणजे प्राणवायू जास्त, म्हणजे तेवढ्याच इंजिनात अधिक इंधन जाळता येते. आल्फ्रेड ब्यूकी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. लहान मोटारीतला हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरेसुद्धा घेतो.

आता मोठ्या टर्बोचे पाहू. चाकाचा आकार तोच ठेवून सगळी मापे सारख्या प्रमाणात वाढवली, तर त्याचे जडत्व-आघूर्ण व्यासाच्या पाचव्या घातात वाढते. वस्तुमान तिसऱ्या घातात आणि त्रिज्येचा वर्ग आणखी दोन. व्यास १० टक्के वाढला तर १.१ चा पाचवा घात, म्हणजे १.६१. चाक ६१ टक्के अधिक 'आळशी' झाले! पेडल दाबल्यावर गाडी उचल घ्यायला वेळ लावणार, आणि गावातल्या गर्दीत तोच वेळ नकोसा होतो. शिवाय डिझेल किती सोडायचे हे यंत्रणेने ठरवलेले असते; नुसती हवा वाढवून शक्ती वाढत नाही. डिझेलही वाढवले तर वायूंचे तापमान चढते, आणि प्रदूषणाच्या नियमांत गाडी बसेलच असे नाही.

'बिलेट' म्हणजे अखंड ठोकळ्यातून कोरलेले कॉम्प्रेसरचे चाकही सुचवले जाते. ते मजबूत असते हे खरे. पण कॉम्प्रेसरचे चाक अॅल्युमिनियमचे, घनता सुमारे २.७, टर्बाइनचे निकेलच्या मिश्रधातूचे, घनता ८ च्या आसपास. जडत्वाचा मोठा वाटा टर्बाइनकडे असतो. हलके आधीच असलेले चाक आणखी हलके करून फारसे काय साधणार?

खरा लाभ इंटरकूलरमध्ये आहे. सायकलचा पंप मारताना नळकांडे तापते, हा अनुभव वर्गात सर्वांना असतो. टर्बोतही तेच घडते. ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्व्हिन तापमानाची हवा दुप्पट दाबावर नेली, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती सुमारे १२५ अंशांवर (३९८ केल्व्हिन) बाहेर पडते. दाब दुप्पट झाला तरी घनता २ × ३०३ ÷ ३९८, म्हणजे दीडपटच. इंटरकूलरने हीच हवा ६० अंशांपर्यंत थंड केली तर घनता १.८ पट होते. कोणतेही चाक न बदलता सुमारे २० टक्के अधिक हवा! इंटरकूलरच्या जाळीत पाचट आणि चिखल अडकला असेल, तर हा लाभ रोज थोडाथोडा बुडत असतो. जाळी धुवावी, फुटलेली किंवा सैल रबरी नळी बदलावी आणि एअर फिल्टरही नवा घालावा.

याहून महत्त्वाचे तेल. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तापलेले इंजिन एकदम बंद केले की तेलाचा पुरवठा थांबतो, टर्बाइनची उष्णता दांड्यात उतरते आणि तिथले तेल करपते. तो कोळसा बारीक नळीत साठतो. जुन्याच नळीवर नवा टर्बो बसवला तर तोही उपाशी मरतो. म्हणून तेलाची नळी, तेल आणि ऑइल फिल्टर नवे घालावेत. गाडीसाठी पाण्याने थंड होणारा टर्बो मिळत असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजायला माझी हरकत नाही. इंजिन बंद झाल्यावरही उष्णतेमुळे पाणी काही काळ आपोआप फिरत राहते. बॉलबेअरिंगचा टर्बो घर्षण कमी करतो, पण रोजच्या वापरात त्याची किंमत भरून निघणे कठीण.

आणखी एक धोका. फुटलेल्या टर्बोतून गळलेले तेल इंटरकूलरमध्ये साचते. ते न काढता गाडी चालू केली, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच धावू लागते आणि किल्ली काढूनही थांबत नाही.

मित्राने मूळ मापाचाच टर्बो घातला. इंटरकूलरमधून वाटीभर तेल निघाले. तेलाची जुनी नळी आम्ही करवतीने उभी कापली. आतला काळा थर इतका जाड होता की मधून जेमतेम टाचणी गेली असती.