पाळी बदलताना काय सांगता?

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळ्यांच्या मिल आहेत, शहरात बियाणे कंपन्या आहेत. दोन्हीकडे काम या हातातून त्या हातात जातं. निरोप अर्धवट गेला की काम अडतं. ज्याच्या निरोपावर पुढचा माणूस फिरून न विचारता काम सुरू करू शकतो, त्याच्यावरच वरची जबाबदारी सोपवावीशी वाटते.

पाळी सोपवताना

रोलिंग मिलमध्ये बिलेट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवून त्याची सळई काढतात. अशा ठिकाणी ‘मशीन जरा त्रास देतंय’ एवढं सांगून भागत नाही. काय बिघडलं, कुठे, कधीपासून, आपण काय केलं, काय राहिलं, हे सांगा आणि वहीत लिहा. परप्रांतीय कामगाराला हिंदीत सांगा आणि काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐका.

शेतकऱ्याशी बोलताना

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या धंद्यात वेळ चुकवून चालत नाही. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात आदल्या संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या सकाळी नराचे पराग लावतात. सकाळ हुकली की ते फूल वाया. म्हणून बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याला ‘बघू दोन-चार दिवसांत’ म्हणू नका. वार, वेळ आणि प्लॉट सांगा.

साहेबांना अडचण सांगताना

वाईट बातमी दडवू नका, आणि नुसती बातमीही देऊ नका. ‘साहेब, गाडी आली नाही’ याऐवजी म्हणा, ‘साहेब, गाडी आज येत नाही. माल दुपारपर्यंत पुरेल. दुसरी गाडी बोलावू का?’ साहेबांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

लिहिताना

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये याच जिल्ह्यातल्या जांब गावी झाला. ‘दासबोधा’त त्यांनी लेखन कसं करावं यावर अख्खा एक समास लिहिला आहे. आपल्याला निदान व्हॉट्सॲपवरचा निरोप तरी नीट लिहिता यावा. ‘माल निघाला’ यापुढे गाडीचा नंबर, वजन आणि निघाल्याची वेळ टाका.

बढती मागताना

‘मी खूप राबतो’ असं सगळेच म्हणतात. कोणता बिघाड किती वेळात काढला, कोणाला काम शिकवलं, याची तारखेनिशी नोंद ठेवा आणि तीच समोर ठेवा. सुरुवात आजच करा: पाळी संपली की वहीत चार ओळी लिहा, मगच गेटबाहेर पडा.