धडपड आणि हशा – लेखांक ६ : एक पियानो, १३३ पायऱ्या

गेल्या आठवड्यात आपण बस्टर कीटनच्या अंगावर कोसळणारी भिंत पाहिली. तो खेळ काही क्षणांचा होता. आजचा प्रकार नेमका उलटा आहे: एकच विनोद, तोही चढणीवरचा, आणि चांगला ऐसपैस.

१९३२ साली हॅल रोचच्या स्टुडिओतून ‘द म्युझिक बॉक्स’ हा अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा बोलपट आला. दिग्दर्शक जेम्स पॅरट. प्रमुख भूमिकांत ऑलिव्हर हार्डी आणि स्टॅन लॉरेल, म्हणजे आपले जाड्या-रड्या. गोष्ट दोन ओळींची. एका बाईने नवऱ्याच्या वाढदिवसासाठी पियानो घेतला आहे आणि तो घरपोच करायचा आहे. घर मात्र टेकडीवर, आणि समोर १३३ पायऱ्या.

दोघे खोका चढवू लागतात. बाबागाडी घेऊन एक आया वरून येते, तिला वाट द्यायला जातात आणि खोका थेट रस्त्यावर. पुन्हा चढवतात, तेवढ्यात खालून पोलीस बोलावतो. या दोघांच्या मागोमाग खोकाही हजर. पुढे उंच टोपीवाला एक प्राध्यापक वाट अडवल्याबद्दल गरजतो. या खेपेला त्याची टोपी पायऱ्या उतरत जाते आणि गाडीखाली चिरडते.

तोच तो प्रसंग पुन्हा पाहताना कंटाळा यायला हवा. तो येत नाही, कारण खोका घसरणार हे आपल्याला त्या दोघांच्या आधी कळलेलं असतं. त्या काळातल्या बऱ्याच विनोदी पटांत नुसती पळापळ असे. लॉरेल-हार्डींनी गती मुद्दाम उतरवली. आधी आपल्याला संकट दिसतं, मग ते येतं, आणि मग हार्डी सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे बघतो. ‘बघताय ना, कुणाशी गाठ पडलीय माझी?’ असा तो चेहरा. हशा बहुतेकदा आपटण्यापाशी फुटत नाही, या चेहऱ्यापाशी फुटतो.

त्यात आवाजाची भर. बोलपट आल्यावर मूकपटांतले कित्येक विनोदवीर गडबडले. या जोडीने मात्र आवाजाला कामाला लावलं. प्रत्येक धक्क्याला खोक्याच्या पोटातून तारांचा झणत्कार येतो आणि न दिसणाऱ्या पियानोची कीव येऊ लागते. १९२७ साली ‘हॅट्स ऑफ’ या मूकपटात याच जोडीने याच पायऱ्यांवर कपडे धुण्याचं यंत्र चढवलं होतं. तो चित्रपट आज हरवलेला आहे, त्यामुळे तुलनेची हौस भागवता येत नाही.

पडद्यावर लॉरेल बावळट आणि हार्डी शहाणपणाचा आव आणणारा. पडद्यामागे विनोदांची जुळणी बहुतांशी लॉरेलच करायचा. हार्डीला काम आटोपलं की गोल्फ खेळायला जायची घाई. इंग्लंडमध्ये फ्रेड कार्नोच्या मंडळीत लॉरेल हा चॅप्लिनचा बदली नट होता. तिथली तालीम या चित्रपटाच्या चोख वेळसाधनेत दिसते.

या सगळ्यावर कडी करतो तो पोस्टमन. दोघे घामाघूम होऊन वर पोहोचतात, तेव्हा तो सहज सांगतो की मागून गाडीरस्ता आहे, एवढं उचलायची गरजच नव्हती. आता? पियानो तर वर आलेला आहे. पण रस्ता आहे म्हटल्यावर रस्त्यानेच आणायला हवा, नाही का? दोघे तो १३३ पायऱ्या खाली नेतात, घोडागाडीत चढवतात आणि रस्त्याने वर आणतात. इतका तर्कशुद्ध मूर्खपणा मी दुसऱ्या कुठल्याच विनोदी चित्रपटात पाहिलेला नाही. हे दोघे आळशी नाहीत की लबाडही नाहीत, आणि म्हणूनच आपण त्यांच्यावर चिडत नाही.

घरात शिरल्यानंतरचा भाग जरा सैल आहे. कप्पी, खिडकी, पाणी हे ठरलेलं सामान. आपोआप वाजणाऱ्या पियानोवर साफसफाई करता करता दोघे नाचतात तेवढा भाग मात्र सोडू नका.

विनोदी लघुपटाचं ऑस्कर दिलं जाऊ लागलं तेव्हा पहिला मान याच चित्रपटाला मिळाला. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातल्या त्या पायऱ्या अजून आहेत आणि चाहते त्या चढून येतात.

चित्रपट मिळाला तर घरातल्या मुलांना घेऊन बघा; त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. पुढच्या आठवड्यात घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा हॅरॉल्ड लॉईड.